असंच धरून ठेवा

तो दिवा राहू दे, फक्त दार लोटून घ्या. आणि मधेमधे "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही. मग काय झालं ते सांगायलाच तर बसलोय.

आमचा खांबू तुम्ही पाहिला नाहीत. टीव्हीचे अँटेना दुरुस्त करायचा. सदा कुठल्यातरी खांबाला नाहीतर पाइपला लटकलेला, म्हणून खांबू. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, कोण जाणे! भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि थापा मारण्याइतकं डोकंही नव्हतं. म्हणून तर त्यानं सांगितलेलं मी खरं धरून चालतो.

थंडीचे दिवस. शुक्रवारची रात्र, आठ वाजून गेलेले. अमावास्या वगैरे काही नाही हं, चांगलं टिपूर चांदणं होतं. गल्लीच्या टोकाच्या एका बैठ्या घरातून निरोप आला होता, टीव्हीवर नुसत्या मुंग्या येतात. एका वयस्कर बाईनं दार उघडलं. अंगावर फिकट रंगाची शाल. आत टीव्ही, आणि त्याच्यासमोर शेजारी शेजारी दोन खुर्च्या.

"मावशी, चित्र अजिबातच येत नाही का?"

"येतं ना. शुक्रवारी नऊला जुनी गाणी लागतात, तेवढा वेळ अगदी स्वच्छ येतं. बाकी आठवडाभर मुंग्या."

खांबू हसला. "म्हणजे तुमच्या अँटेनाला गाण्याचा नाद आहे म्हणायचा!"

मावशी हसल्या नाहीत. "कोणाला धरून उभं राहावं लागू नये, एवढं कर बाबा. दुसरं काही नको."

यात खांबूला काही वावगं वाटलं नाही. पाइप हातात धरला की चित्र येतं, सोडला की जातं, हा घरोघरचा अनुभव. माणसाचं अंगच अँटेनाच्या कामी येतं. एकानं गच्चीवर पाइप धरायचा, दुसऱ्यानं खालून बोंबलायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं डावीकडे!" तुमच्या आईबापांना विचारा, अर्धं बालपण गच्चीवर गेलंय त्यांचं.

बाहेरच्या जिन्यानं तो वर गेला. अँटेनाचं तोंड बरोबर टॉवरकडे होतं, काड्या शाबूत होत्या. दोष सापडला तारेच्या जोडात. स्क्रू गंजून त्यांचा भुगा झालेला, तार आतून काळी पडलेली. पाइपवरही गंजाचा थर. त्यानं जुनी तार सोडवून बाजूला टाकली आणि नवी तार सोलायला घेतली.

तेवढ्यात खालून गाणं ऐकू आलं. खणखणीत.

"अहो, आलं! असंच धरून ठेवा!"

मावशींचा आवाज.

"बरं मावशी," खांबू म्हणाला, आणि मग थबकला. आपल्याला तर या अरेतुरे करत होत्या. आणि धरून काय ठेवायचं? जुनी तार त्याच्या पायाशी पडलेली... नवी त्याच्या हातात. अँटेनाला काहीच जोडलेलं नाही. मग चित्र...

त्यानं हात पुढे केला. पाइप बर्फासारखा गार. वर गार. खाली गार. मधे, छातीच्या उंचीवर... कोमट.

तो जिना कसा उतरला ते त्यालाच ठाऊक.

टीव्हीवर चित्र लख्ख. मावशी मात्र बघत नव्हत्या. डोळे मिटून बसल्या होत्या, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"मावशी... वर कोण आहे?"

"हे."

मग त्यांनी सांगितलं. नवरा लाकडाच्या वखारीत कामाला. तरुणपणी करवतीत उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं गेलेलं, तरी पकड घट्ट. गेल्या हिवाळ्यात अशाच शुक्रवारी चित्र सारखं जात होतं. हे वर गेले. मावशी खालून खेकसल्या, "सोडू नका! कार्यक्रम संपेपर्यंत असंच धरून ठेवा." ते म्हणाले, "बरं. झालं की हाक मार."

"चित्र एकदाही हललं नाही रे. मी म्हटलं, वा! आज कसं छान धरलंय... कार्यक्रम संपला आणि खुर्चीतच माझा डोळा लागला. हाक मारायची राहिली. पहाटे मी वर गेले. हे पाइपला टेकून बसले होते. हात तसाच. डॉक्टर म्हणाले, नऊच्या सुमारासच गेले असावेत."

खांबूनं वर छताकडे पाहिलं.

"अजून धरून बसलेत. मी सांगितलं ना, सोडू नका म्हणून."

"मग आता मारा ना हाक, मावशी."

"मारली की जातील." त्यांना हुंदका आवरेना. "आठवड्यातून तासभर तरी घरी असतात रे..."

खांबूलाही घरी बायको होती. तो म्हणाला, "वर थंडी फार आहे, मावशी."

मावशींनी डोळे पुसले. मग उठल्या. जिन्याच्या तोंडाशी गेल्या. ओठ हलले... आवाज नाही. पुन्हा एकदा.

"अहो... झालं माझं बघून. या आता खाली."

आत गाणं तुटलं. मुंग्या.

पाऊल वाजलं नाही. वाराही नाही. मावशी परत येऊन खुर्चीत बसल्या, आणि लहान मुलासारख्या रडल्या.

खांबू पुन्हा वर गेला. का, तर काम अर्धं सोडायची सवय नव्हती म्हणून. पाइप आता सगळीकडे सारखाच गार होता. तार जोडली, स्क्रू आवळले, उतरला. चित्र स्वच्छ होतं, आणि वर कोणी नव्हतं. मावशी दाराकडे पाठ करून, टीव्हीसमोर शांत बसल्या होत्या.

पिशवी उचलायला तो वाकला. आणि तसाच राहिला.

"मावशी... ही शाल एवढ्यात धुवायला टाकू नका."

"का रे?"

खांबू तर त्यांच्या जवळही गेला नव्हता. शालीवर, पाठीमागून उजव्या खांद्यावर, गंजाचा पंजा उमटला होता. थोपटावं तसा. आणि मधलं बोट अर्धंच होतं.