तिनं बेल्ट लावला नव्हता

सकाळी दहाच्या सुमाराला जोयडा पोलीस ठाण्यात फोन आला. गणेशगुडी सोडून जोयड्याकडं येणाऱ्या रस्त्यावर एक कार ऐनाच्या झाडावर आदळली होती. पुढं बसलेली बाई जागीच गेली होती.

उपनिरीक्षक रक्षा वेळीप पोचली तेव्हा रस्त्यावर पाच-सहा गाड्या थांबल्या होत्या. राफ्टिंगला आलेले पर्यटक मोबाइल उंच धरून चित्रण करत होते. हवालदार महाबळेश्वरनं त्यांना हाकललं, तरी एकजण जाता जाता मयत बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून गेला. 

रस्त्याच्या कडेला दगडावर एक पस्तिशीचा माणूस बसला होता. परशुराम मिराशी, रामनगरचा. ग्रिल आणि गेट बनवायचं त्याचं वर्कशॉप होतं. कपाळाला खरचटलेलं, उजव्या खांद्यावर बेल्टचा लालभडक वळ. मांडीवर दीड वर्षाची मुलगी, मुक्ता. तिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ती बिस्कीट चघळत होती.

"काय झालं?" रक्षानं विचारलं.

"गवा आडवा आला, मॅडम. त्याला चुकवाय गेलो आन् गाडी झाडावर गेली."

"बायकोनं बेल्ट लावला नव्हता?"

"कवाच लावत न्हवती. जीव गुदमरतोय म्हणायची. गाडी सारखी टीं टीं करत व्हती, तरी ऐकलं न्हाई." त्यानं डोळे पुसले. "पोरीला तेवढं मी सीटमधी नीट बांधलं व्हतं, म्हणून ती तरी वाचली."

जमलेल्या बायका हळहळल्या. "बाप असावा तर असा," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "आन् आईला सोताचा बेल्ट लावाय हुईना."

रक्षा गाडीकडं वळली. गाडी सहा वर्षांपूर्वीची, स्वस्तातली, एअरबॅग फक्त चालकापुरती. ती फुटून स्टिअरिंगवर लोंबत होती. धडक डाव्या बाजूनं बसली होती, म्हणजे नेमकी मयत बायकोच्या, मनीषाच्या बाजूनं. तिच्या सीटचा बेल्ट दाराकडं सैल लोंबत होता.

मागं, चालकाच्या पाठीशी, लहान मुलाची सीट होती. गाडीच्या मागच्या बाजूला तोंड केलेली, जशी इतक्या लहान पोरासाठी असायला हवी तशी. रक्षानं ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली. बोटभरसुद्धा हलली नाही. तिच्या बहिणीनं असलीच सीट घेतली होती. ती नीट बसवायला दोघा बहिणींना अख्खी दुपार लागली होती.

सीटच्या घडीत काहीतरी चिकटलं होतं. रक्षानं ते चिमटीनं काढलं. वाळलेली, गुलाबी, कागदासारखी पातळ साल. कांद्याची.

तिनं ती पाकिटात ठेवली आणि रस्ता बघायला गेली. ऑक्टोबरचा महिना, कडेची माती ओलसर. मातीत गाडीच्या चाकांच्या दोन रेषा सरळ झाडापर्यंत गेल्या होत्या. डांबरावर ब्रेकची खूण कुठंच नव्हती. गव्याच्या खुरांचे ठसेही नव्हते.

"गवा डांबरावरनंच गेला आसंल," महाबळेश्वर म्हणाला.

"असेल. पण गवा दिसल्यावर माणसाचा पाय आधी कुठं जातो?"

महाबळेश्वरनं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं.

दुपारी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्षाला आत बोलावलं. मनीषाच्या छातीवर, पोटावर बेल्टचा वळ नव्हता. डोकं आणि छाती पुढं आपटून मृत्यू आला होता.

"हे मात्र बघा," म्हणून त्यांनी मयताचा उजवा तळहात उलगडला.

तळव्यावर दोन बोटं रुंदीचा पट्टा सोलून निघाला होता. भाजल्यासारखा. कातडीवर बारीक विणीची नक्षी उमटली होती.

"जाड पट्टा मुठीतून जोरानं सरकला की असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातात काय होतं, ते तुम्ही शोधा."

बाहेर बाकावर मनीषाची आई इंदुबाई बसली होती. अणशीहून मिळेल त्या गाडीनं आली होती. ती रडत नव्हती, पदराचं टोक पिळत होती.

"कुठं निघाली होती मनीषा?" रक्षा तिच्याजवळ बसली.

"माझ्याकडं. कायमची." इंदुबाईनं इकडं तिकडं पाहिलं. "मारायचा तो. दोनदा माघारी धाडली मीच, माझं तोंड जळो. ह्या वक्ताला ती म्हणली, आव्वा, आता पोरीला घेऊन येते ती परत जायाची न्हाई."

"आणि परशुराम?"

"आधी म्हणला, तू जा, पोर माझी हाय, पोर ठेवून जा. मग मंगळवारी त्याचाच फोन आला. म्हणला, मामी, मीच आणून सोडतो दोघींना. पोरीला सीट लावून सावकाश आणतो." तिनं पदर पुन्हा पिळला. "मला वाटलं, सुधारला."

रक्षानं बोटांवर दिवस मोजले. मंगळवार. आज गुरुवार होता.

संध्याकाळी अपघाताची गाडी ठाण्याच्या आवारात आणून लावली. मेकॅनिकनं दुसरी बॅटरी जोडली. रक्षानं महाबळेश्वरला चालकाशेजारच्या सीटवर बसवलं.

"बेल्ट लावू नका. फक्त बसा."

तिनं किल्ली फिरवली. दिवे लागले. दोघं ऐकत राहिले. गाडी गप्प होती.

"टीं टीं करत न्हाई ही," महाबळेश्वर म्हणाला.

"आता बेल्ट लावा."

त्यानं बेल्ट ओढून घेतला. कुलूप बसायचा 'कट्' आवाज येईना. त्यानं पुन्हा दाबलं, जोर लावला. बेल्टचं पातं अर्ध्यावरच अडत होतं. रक्षानं वाकून बकलच्या फटीत टॉर्च मारला. आत आधीच एक लोखंडी पातं बसलेलं होतं. वरचा भाग कापून टाकलेला. वरून बघणाऱ्याला काही दिसू नये, इतकं ते आत होतं. बटण दाबूनही ते बाहेर येईना.

महाबळेश्वर घाईघाईनं सीटवरून उठला. तिथं बसणंसुद्धा त्याला नको झालं होतं.

असलं पातं काय असतं ते रक्षाला ठाऊक होतं. बेल्ट न लावता गाडीचा आवाज बंद व्हावा म्हणून लोक फटीत एक खोटी क्लिप खुपसतात. गाडीला वाटतं, बेल्ट लागला. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात ती मागाल तेव्हा मिळते. दंड चुकवला म्हणून लोक वर फुशारकी मारतात. पण क्लिपचं डोकं कापून ती आत कायमची रुतवलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती रामनगरला गेली. मिराशींच्या घराला कुलूप होतं. शेजारची फुला दारात तांदूळ निवडत बसली होती.

"मुक्ताची गाडीतली सीट तुम्ही पाहिली होती का?" रक्षानं विचारलं.

"बघितली तर! मनीषानं लई हौसेनं आणलेली, पोर म्हैन्याची व्हती तवा. परश्या हसायचा तिला. म्हणायचा, आमी काय सीटमधी वाढलो? पोर मांडीवर बसतीया की."

"मग सीट कुठं असायची?"

"माळ्यावर. कांदे भरून ठिवलेले तिच्यात." फुला थांबली. "बुधवारी मात्र त्यानं खाली काढली. कांदे माझ्याच टोपलीत वतले. मग मोबाइलवर बघत बघत अंगणात गाडीत बसवत बसला. दोन तास. डावीकडं बसवली, काढली, मग उजवीकडं बसवली."

"काढली का, ते विचारलंत?"

"इचारलं. म्हणला, हिकडंच बरी." फुलानं हातातलं सूप खाली ठेवलं. "मॅडम, मी मनीषाला म्हणलं पण, देवानं तुझ्या नवऱ्याला बुद्धी दिली. ती हसली बिचारी."

रक्षानं महाबळेश्वरला मिराशीच्या वर्कशॉपमध्ये पाठवलं. कामगार सुट्टीवर होते. त्यानं पंचांसमक्ष भंगाराचा ढीग उपसला आणि तासाभरानं तो हात काळे करून आला. रुमालात एक बोटभर लोखंडी तुकडा होता.

परशुरामला शनिवारी सकाळी ठाण्यात बोलावलं. पांढरा शर्ट घालून, कपाळाला पट्टी लावून तो आला. व्हरांड्यात माणसं बसली होती. त्यांनी त्याला सरकून जागा करून दिली. रक्षानं त्याला आत घेतलं. महाबळेश्वर लिहायला बसला.

"गव्याचा रंग कसा होता?"

"काळा. गव्याचा आनी कसला आसतोय?"

"डावीकडून आला की उजवीकडून?"

"उजवीकडनं."

"ब्रेक दाबला?"

"दाबला की."

"डांबरावर खूण नाही."

"मग... सुचलं नसंल, मॅडम. एवढं काय ध्यानात राहतंय?"

"गाडी टीं टीं करत होती हे बरं ध्यानात राहिलं."

"व्हय. रामनगरपास्नं करत व्हती."

"तिचा आवाज मीही ऐकायला बसले होते. ती गाडी शेजारच्या सीटसाठी टीं टीं करूच शकत नाही, परशुराम. त्या बकलमध्ये पातं रुतवलेलं आहे. गाडीच्या लेखी तिथं बेल्ट लागलेलाच आहे."

परशुरामची नजर दाराकडं गेली. दारात शिपाई उभा होता.

रक्षानं बकलमधून काढलेलं पातं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी भंगारातला तुकडा. कापलेल्या कडा एकमेकींना लावल्या. ग्राइंडरचे तिरपे ओरखडे एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सरळ गेले. क्लिपवर कोरलेलं वाघाचं तोंड एकीकडं अर्धं, दुसरीकडं अर्धं होतं. ते पुरं झालं.

"तू सांगणार नाहीस, तर मी सांगते," ती म्हणाली. "मनीषा पोरीला घेऊन कायमची चालली होती. तुला बायको नको होती, पोर हवी होती. मंगळवारी तू सासूला गोड फोन केलास. बुधवारी क्लिप कापून तिच्या बकलमध्ये ठोकलीस. मग दीड वर्ष कांदे साठवलेली सीट माळ्यावरून काढलीस. कांद्याची साल अजून तिच्यात होती. आधी तू ती डावीकडं बसवलीस. मग तुझ्या लक्षात आलं की गाडी डावीकडूनच आदळायची आहे. म्हणून उजवीकडं घेतलीस. शिकून, दोन तास घालून, एकदम बरोबर बसवलीस. तुझी एअरबॅग होती, बेल्ट होता. पोरीची सीट होती. तिघांत एकटीलाच काही नव्हतं."

"ती बेल्ट लावतच न्हवती! कुणालाबी इचारा!"

"तिलाच विचारलं." रक्षानं डॉक्टरीणबाईंनी काढलेला फोटो पुढं सरकवला. "हा तिचा उजवा हात. बेल्ट लागेना, म्हणून तिनं तो अंगावरून ओढून कंबरेजवळ मुठीत धरला होता. धडक बसली तेव्हा तो हातातून सरकला आणि तळवा सोलून निघाला. धरून बस, असं तिला कोण म्हणालं? तूच ना?"

 महाबळेश्वरचं पेन थांबलं होतं.

मग परशुराम हलकेच म्हणाला, "म्हणलं, जोयड्यात दुरुस्त करू. तवर धरून बस." आणि मान वर करून, जणू त्याची काही बाजू उरली होती, "पण मॅडम, पोरीला तर मी खरचटूबी दिलं न्हाई. बघितलं न्हवं तुम्ही? बाप म्हणून माझी चूक काडून दावा."

 चोर, दारुडे, सांबराची शिकार करणारे, सगळे तिनं या खुर्चीत बसलेले पाहिले होते. त्यांच्याशी बोलताना तिनं कधी खुर्ची मागं सरकवली नव्हती. आज सरकवली. पोरीला वाचवायची जी एक गोष्ट बायको दीड वर्ष मागत होती, ती या माणसाला पुरेपूर येत होती. ती त्यानं केली, फक्त बायकोला मारायचं ठरल्यावर.

"याला आत न्या," ती म्हणाली. "आणि ती खुर्ची पुसून घ्या."

दुपारी इंदुबाई मुक्ताला कडेवर घेऊन आली. व्हरांड्यातली माणसं अजून तिथंच होती. आतलं त्यांना कळलं नव्हतं. कुणीतरी हळहळून म्हणालं, "पोरीच्या नशिबात आई न्हवती. बेल्ट लावला आसता तर..."

इंदुबाईनं ते ऐकलं. ती रक्षाच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाई, त्याला फाशी व्हवो न व्हवो, ते कोर्टाचं. पर माझी पोर आळशी व्हती, तिला पोरीची पर्वा न्हवती, आसं तिच्या दिवसकार्याला सुद्धा बायका बोलतील. त्येवढं खोटं हाय म्हणून लिवा."

"लिहिलंय," रक्षा म्हणाली. कागद सरकारी, म्हणून कन्नडमध्ये होता. तिनं तो उचलला आणि मराठीत सांगत गेली. "मयत मनीषा परशुराम मिराशी हिनं सीट बेल्ट लावायचा प्रयत्न केला. बेल्ट लागू नये म्हणून नवऱ्यानं बकल मुद्दाम निकामी केलं होतं. अपघाताच्या वेळी बेल्ट तिच्या हातात होता."

व्हरांड्यातल्या एक-दोघांनी आत डोकावलं. इंदुबाईनं मुक्ताला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि दाराकडं तोंड करून उभी राहिली.

"आनी एकदा वाचा," ती म्हणाली. "जरा मोठ्यानं."