भिंतीकडचं पोर

रात्री पावणेअकराला लाईट गेली आणि तिथून हे सगळं सुरू झालं, असं दशरथमामा सांगतात. सांगतात तेही रात्रीच, गाण्याच्या शेडमध्ये, तालीम संपून पोरं भोवती बसली की. ढोलकीवर हात ठेवून.

शनिवार होता, आठ डिसेंबर, चौऱ्याऐंशी साल. घाटकोपरच्या टेकडीवरची ही पत्र्याची शेड वस्तीनंच उभी केलेली. तिकीट नाही, मालक नाही. दर शनिवारी कुणीही यावं, गावं, वाजवावं. अंगावरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत. झाडणं, चहा, कुलूप, सगळं पाळीपाळीनं. गाणं ऐकता ऐकता बारकी पोरं पेंगली की त्यांना मागच्या पडद्याआड सतरंजीवर ओळीनं निजवायचं. कार्यक्रम संपला की ज्यानं त्यानं आपलं उचलायचं.

त्या रात्री कुलपाची पाळी शकुची होती. मामांच्या शेजारची सून. नवरा रातपाळीला गेलेला, आणि तीन वर्षांची नीला नुकती तापातून उठलेली. शकुनं तिला ओळीत भिंतीकडच्या टोकाला निजवलं होतं. तरी दर गाण्याला उठून पडद्याआड जात होती.

"शके, कितीदा हात लावशील तिला?" चहाच्या पातेल्यापाशी बसलेली सोनूबाई म्हणाली.

"श्वास बघते, मावशी."

"श्वास कुठं पळून चाललाय व्हय? बस की गाणं ऐकत."

सहा डिसेंबरसाठी आलेले गावाकडचे पाहुणे अजून घराघरांत होते. त्यामुळं ओळीत एक पोर जास्तीचं दिसलं तरी शकुला काही वाटलं नाही. असेल कुणाच्या पाहुण्यांचं.

मग लाईट गेली. गाणं तिथंच थांबलं. बायांनी बॅटऱ्या मारत आपापली पोरं उचलली, शेड रिकामी झाली. शकुकडं बॅटरी नव्हती. तिनं पेटी-तबले चाचपून झाकले, पडद्याआड गेली, भिंतीकडच्या टोकाला हात घातला. पोर होतं. चादरीसकट खांद्यावर टाकलं, कुलूप लावलं आणि उतार धरला.

अर्ध्या उतारावर तिला वाटलं, आज नीला जड लागतेय. मग वाटलं, अंग गार आहे, म्हणजे ताप पार गेला. बरं वाटलं तिला.

सवयीनं तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. श्वास बघायला.

पाठ हलत नव्हती.

"नीले?"

गळ्याभोवतीचे हात घट्ट झाले.

"नीले... बाळा..."

आणि वरून, कुलूप लावलेल्या शेडमधून...

"आई."

तापानं बसलेला घसा. नीलाचाच.

शकु हलली नाही. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मग कानाशी. अगदी हळू.

"घरी चल ना..."

इथं मामा थांबतात. गेल्या खेपेला पोरांतला भीमराज मध्येच म्हणाला, "टाकून पळायचं ना, मामा."

"तू पळाला असतास रे. तिला टाकवेना. पोरच होतं ना ते. कुणाचं का असेना."

ती ते खांद्यावर घेऊनच वर चढली. किल्ली कुलपात बसेना. आतून नीला दार बडवत होती. झोपेत पडद्याखालून सरकून तबल्यांच्या मागं गेली होती ती. दार उघडलं तशी आईच्या पायांना मिठी मारली.

शकु तशीच पडद्याआड गेली. भिंतीकडं वाकली. गळ्यातले हात सुटेनात.

"बाळा," ती म्हणाली, "तुझी आई येईल हं. नीज."

ती पाठीवर थोपटत राहिली...

मग हात सैल झाले.

तिनं ते खाली ठेवलं. चादर घातली. तोंड बघितलं नाही. नीलाला उचलताना मात्र विचारलं, "नाव सांग." नीला रडतच म्हणाली, "नीला." पुन्हा विचारलं. पुन्हा म्हणाली. तेव्हा कुठं शकु पळाली. कुलूप राहिलं ते राहिलंच.

"पाहुण्यांचंच पोर असेल, मामा. विसरून गेले असतील," भीमराज म्हणाला.

"तसं असतं तर बरं झालं असतं. सकाळी आम्ही घरोघर विचारलं. पाहुण्यांतसुद्धा. कुणाचंच पोर कमी नव्हतं."

शकुकडून ऐकून मामा पहाटेच शेडवर गेले होते. दार उघडं, आत कोणी नाही. भिंतीकडच्या टोकाला शकुची चादर तेवढी पडलेली. मधोमध ओली. निजलेलं पोर करतं तेवढीच.

मामांनी हात लावून बघितला.

अजून कोमट होती.

तेव्हापासून शेडमध्ये पोर उचलताना बाया आधी नाव घेतात, पोरानं हूं म्हटल्यावरच उचलतात. तुमच्याकडं गाणं असो, लग्न असो, पोरं ओळीनं निजवत असाल तर तुम्हीही तसंच करा. आणि ज्यांची ज्यांची लेकरं लहान आहेत, त्यांच्या कानावर हे घाला.