परंड्याहून वाशीला, गारांमधून

परंड्याच्या किल्ल्यासमोरून निघायचं, भूमच्या अंगानं बालाघाटाचा कडा चढायचा आणि पवनचक्क्यांच्या पठारावरून वाशीचा बाजार गाठायचा. महिलांच्या सायकल दौडीचा हा तिसरा टप्पा, आणि सगळ्यांत अवघड. धाराशिवच्या संघाला त्यात एकच काम करायचं होतं. ज्ञानेश्वरीच्या अंगावर पिवळी जर्सी चढवायची.

ही जर्सी सगळ्या टप्प्यांत मिळून जी पुढे असेल तिची. सध्या ती कलबुर्गीच्या नागम्माकडे होती. नागम्मा थोराड हाडापेराची, वयानं सगळ्यांत मोठी, आणि सपाटीवर तिला गाठणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. पण घाट चढताना ती जड पडायची. ज्ञानेश्वरी मेंढपाळाच्या घरची, वाळक्या अंगाची. चढ दिसला की तिला चेव यायचा. म्हणून संघाचा सगळा भरवसा आजच्या घाटावर होता.

तिला घाटाच्या पायथ्यापर्यंत नेऊन पोचवायची जबाबदारी शिवरंजनीची होती. अणदूरच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी. घरात कानडी, दारात मराठी. सायकलच्या शर्यतीत पुढची वारा अंगावर घेते, म्हणून तिच्या चाकाला चाक लावून येणारीची ताकद वाचते. शिवरंजनी तीन वर्षं दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेत आली होती. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. नेमून दिलेलं काम नीट झालं की तिला रात्री झकास झोप लागायची.

मार्चचं ऊन सकाळीच चटके द्यायला लागलं. उसाचे मळे मागे पडले, ज्वारीची कापणी झालेली काळी रानं सुरू झाली. प्रशिक्षक वीरप्पा सर जीपमधून मागोमाग येत होते. भूम सुटलं तेव्हा मोठ्या घोळक्यातून सातआठ जणीच पुढे उरल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाशी शिवरंजनी मान खाली घालून पायडल मारत होती. समोर घाट दिसला. टेकडीच्या अंगावर कुणीतरी दोरी भिरकावून द्यावी तसा तो वेडावाकडा पडला होता.

पहिल्याच वळणावर नागम्मानं झेप घेतली. आजपर्यंत घाटात सगळ्यांच्या मागे राहणारी बाई सगळ्यांच्या आधी सुटली!

"जा, ज्ञाने, धर तिला," शिवरंजनी म्हणाली आणि बाजूला झाली.

ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली, चार पायडल मारले, आणि एकदम वाकडी झाली. तिच्या पोटरीत गोळा आला होता. पाय लाकडासारखा ताठ. तिनं एका हातानं पोटरी दाबली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. बाकीच्या बाजूनं निघून गेल्या. शिवरंजनी तिच्या शेजारी आली आणि म्हणाली की आपण दोघी हळूहळू जाऊ, पाय मोकळा होईल.

"मोकळा हुईल तवर नागम्मा वाशीत जेवून झोपंल," ज्ञानेश्वरी दात आवळून म्हणाली. "रंजे, तुझ्यात लई जोर हाय. म्या रोज तुझ्या मागं बसून बघतीया. आज तू तुझ्यासाठी जा."

शिवरंजनीनं मागे जीपकडे पाहिलं. वीरप्पा सरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि घाटाकडे बोट केलं. बस्स.

ती निघाली. पहिली दोन वळणं तिला आपण काहीतरी चोरून नेतोय असंच वाटत होतं. मग चढ इतका उभा झाला की वाटायला सवडच राहिली नाही. श्वास, पायडल, श्वास, पायडल. पुढे गेलेल्या एकेक करून हाताशी येत गेल्या आणि मागे पडत गेल्या. घामानं डोळे चुरचुरत होते. वरच्या वळणावर पिवळा ठिपका दिसला, मग त्याची पाठ झाली, मग त्या पाठीवरचा क्रमांकसुद्धा वाचता यायला लागला.

आणि तिथंच रस्ता संपला! म्हणजे रस्ता होता, पण तो मेंढरांनी भरून गेला होता. शेदोनशे मेंढरं वरून खाली लोटत येत होती, आणि त्यांच्या मागे एक म्हातारी काठी आपटत त्यांना घाई करत होती. तिला गजराबाई म्हणून सगळा घाट ओळखायचा. शर्यतीसाठी रस्ता बंद आहे हे तिला सकाळीच सांगितलं होतं, पण तिला त्याहून मोठी घाई होती.

"पोरींनो, वर नगा जाऊ," ती म्हणाली. "आभाळ बघा की. गारा यायल्यात. म्या उगं न्हाय जितराबं खाली आनली."

उत्तरेकडे खरंच आभाळ जांभळं झालं होतं. नागम्मा सायकल धरून मेंढरांच्या कडेला खोळंबून उभी होती. शिवरंजनीनं आजीला नमस्कार केला, सायकल खांद्यावर घेतली आणि लोकरीच्या त्या लोंढ्यात शिरली. मेंढरं गुडघ्यांना धडका देत होती, बुटांवरून खूर जात होते. पलीकडे निघाली तेव्हा ती शर्यतीत सगळ्यांच्या पुढे होती. जन्मात पहिल्यांदा तिच्यासमोर कुणाचंच चाक नव्हतं.

मागे जीप मात्र अडकली. आता पाणी नाही, चाक बदलायला कुणी नाही, सांगायला कुणी नाही.

घाटमाथा आला. निशाण घेऊन उभ्या असलेल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या आणि तेही पळत गाडीत जाऊन बसले. समोर पठार पसरलं होतं. कुठं झाड नाही, नुसती पिवळी गवतं आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्यांची रांग. शिवरंजनी शंभरेक हात गेली असेल, आणि वारा आला.

तो आडवा आला. भिंत अंगावर पडावी तसा! सायकल रस्त्यावरून उचलली गेली, आणि ती कडेच्या चारीत बोरीच्या झुडपावर जाऊन पडली. गुडघा फुटला. कोपरात काटे घुसले. ती उठली, चाक फिरवून पाहिलं, ते शाबूत होतं. पुन्हा बसली. पुन्हा वाऱ्यानं ढकललं. तिसऱ्या वेळी तिनं एक पाय खाली टेकवला आणि मागे पाहिलं.

नागम्मा येत होती. तीही झोकांड्या खात होती. शिवरंजनीला वारा चांगला ठाऊक होता. एकटीनं जायचं तर आपण अर्ध्या वाटेत गळून पडणार, हे तिला कळून चुकलं. दोघींनी मिळून गेलं तर दोघी पोचतील. पण मग हाताशी आलेली आघाडी सोडावी लागणार.

ती थांबली. नागम्मा जवळ येताच तिनं सायकल वाऱ्याच्या बाजूला घेतली आणि ओरडून म्हणाली, "अक्का, नन्न हिंद बा."

माझ्या मागं ये. नागम्मा तिच्याकडे क्षणभर पाहतच राहिली. ह्या वाटेवर आपली कानडी ऐकू येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग ती मुकाट्यानं आडोशाला शिरली. थोड्या अंतरानं ती पुढे झाली आणि शिवरंजनीला आडोशाला घेतलं. तेव्हा शिवरंजनीला कळलं की रुंद पाठीमागे किती शांत असतं! ज्ञानेश्वरीला रोज असं वाटत असणार.

मग गारा आल्या. आधी वाटाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या. डोक्यावरच्या टोपीवर ताशा वाजू लागला. बोटं बधिर झाली, ब्रेक लागेना. कुठल्यातरी शेतातल्या शेडचा पत्रा उडाला आणि खणखणत त्यांच्याच दिशेनं येऊ लागला.

"खाली!" शिवरंजनी ओरडली.

दोघींनी सायकलींसकट रस्त्याखालच्या मोरीत उडी घेतली. पत्रा डोक्यावरून कर्कश वाजत गेला आणि पलीकडे कुसळांत जाऊन रुतला. मोरीत दोघी उकिडव्या बसल्या, थरथरत, एकमेकींना खेटून. नागम्मानं खिशातून शेंगदाण्याचा लाडू काढला, त्याचा चुरा झाला होता; अर्धा तिला दिला. वाशीची वेस येईपर्यंत पाळीपाळीनं वारा घ्यायचा आणि वेशीपासून जिची तिची, असं दोघींनी तिथंच ठरवलं. नागम्मानं नाव विचारलं. गाव विचारलं. तिच्या आत्याला अणदूरजवळच दिलं होतं, असं निघालं.

गारा ओसरल्या. बाहेर पाहावं तर रस्ता पांढराशुभ्र झालेला! बारीक खडी पसरावी तशा गारा, आणि त्यावर कोवळं ऊन. चाकांखाली कचाकचा आवाज करत त्या निघाल्या. घसरू नये म्हणून सावकाश, मग रस्ता मोकळा झाला तशा जोरात. एक पुढे, एक मागे. कुणी लबाडी केली नाही.

वाशीची वेस आली. दोघींनी एकदाच एकमेकींकडे पाहिलं.

नागम्मा सुटली. सपाट रस्त्यावर ती तोफेच्या गोळ्यासारखी गेली. एक सायकल, दोन सायकली, तीन सायकलींचं अंतर पडलं. शिवरंजनीचा गुडघा ठणकत होता, छाती फुटायला आली होती. पण बाजाराकडे जाणारा शेवटचा रस्ता थोडा चढाचा होता. चढ लागला आणि नागम्माची पाठ मोठी व्हायला लागली. दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून लोक ओरडत होते. शिवरंजनीला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती पाठीच्या शेजारी आली. खांद्याला खांदा. मग तिनं होतं नव्हतं ते सगळं पायात घातलं.

पांढरी रेघ ओलांडली तेव्हा तिचं चाक पुढे होतं. हातभर. जेमतेम हातभर!

टप्पा शिवरंजनीचा झाला, पण सगळे टप्पे मिळून नागम्माच पुढे होती, म्हणून पिवळी जर्सी तिच्याकडेच राहिली. धापा टाकत तिनं शिवरंजनीच्या पाठीवर थाप मारली. मग ओट्यावर बसून स्वतःची पावलं चोळत राहिली.

संयोजक हार घेऊन आले. फोटोवाल्यांनी शिवरंजनीला मंचावर बोलावलं. ती गेली नाही. गुडघ्याला रुमाल बांधून ती रेघेपाशी उभी राहिली. एकेक जण येत होती, भिजलेली, चिखलानं माखलेली. पुन्हा बोलावणं आलं.

"आमची एक यायची हाय अजून," ती म्हणाली.

बऱ्याच वेळानं ज्ञानेश्वरी दिसली. एका पायानं पायडल मारत, दुसरा नुसता टेकवून. गारांच्या वेळी गजराबाईनं तिला घोंगडीखाली घेतलं होतं. वीरप्पा सरांनी जीपमध्ये बसायला सांगितलं तर तिनं ऐकलं नव्हतं. रेघ ओलांडून ती शिवरंजनीच्या अंगावरच कोसळली.

"नागम्मा?" तिनं विचारलं.

"दुसरी आली," शिवरंजनी म्हणाली.

ज्ञानेश्वरीनं मान वर करून शिवरंजनीचा फुटलेला गुडघा पाहिला, खरचटलेले हात पाहिले, तोंड पाहिलं. मग चिखलानं बरबटलेल्या हातानं तिचे केस विस्कटले आणि लंगडत तिला मंचाकडे ओढत घेऊन गेली.