फक्त मिठ्ठूच काहून?

“बॅट टाक अन् पळ!” हर्षा ओरडली. ती, पायल आणि सुशील जिन्याखाली घुसेपर्यंत पहिली गार सुशीलच्या पाठीत बसलीच.

लिंबाएवढ्या गारा! कोराडीच्या वसाहतीतला सुट्टीतला पहिलाच सामना त्यांनी उधळलाच, शिवाय गाड्यांच्या काचा फोडल्या, पत्र्यांना भोकं पाडली आणि मैदानाकडेच्या पिंपळाला पार बोडका करून टाकलं.

गारा थांबल्यावर पायल पिंपळाकडे धावली आणि जागीच थबकली. गारांच्या खचात पोपट, साळुंक्या, बगळे पडले होते. कितीतरी मेलेले! तिला रडूच फुटलं. धुगधुगी असलेली एक साळुंकी तिने ओढणीत गुंडाळली.

एवढ्यात एक माणूस मालाचा ऑटो घेऊन आला. “बाजूले व्हा रे पोट्टेहो! जखमी पक्षी दवाखान्यात नेऊन राहिलो.” तो भराभर टोपली भरू लागला.

“देवमाणूस आहे गा!” पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून गोपाळराव म्हणाले. सगळी पोरं त्यांना आबाजी म्हणायची.

पायलने साळुंकी पुढे केली. “भाऊ, इलेही न्या ना!”

“फेक तिकडे! मरतेच ते.”

साळुंकी तर चांगली टुकूटुकू बघत होती! हर्षाने पायलला कोपर मारलं. “पाह्य वं, हा मिठ्ठूच उचलून राहिला. बगळ्याले तर लाथ मारली!”

“फक्त मिठ्ठूच काहून? दवाखान्यात बाकीचे चालत नाही काय?” सुशीलचं डोकं सणकलं.

हर्षाने बेधडक थाप ठोकली. “भाऊ, पाण्याच्या टाकीमागं मिठ्ठूच मिठ्ठू पडले!”

तो लोभी तिकडे पळाला. सुशीलने ऑटोची चाबी काढली आणि पायलने मागचं ओलं पोतं उचललं. खाली आधीच भरून आणलेल्या टोपल्यांत पोपट अक्षरशः कोंबले होते. शेजारी कात्री आणि हिरव्या पिसांचा ढीग! शुद्धीवर आल्यावर उडू नयेत म्हणून त्याने पंखच छाटले होते. विकायला! हर्षाने खिशातल्या आईच्या मोबाइलवरून थेट वन विभागाला फोन लावला.

तो माणूस रिकाम्या हाताने परतला आणि त्याने सुशीलची गचांडी धरली. “चाबी दे, नाही तर थोबाड फोडीन!”

गोपाळराव तरातरा खाली आले आणि उलट सुशीलवरच कडाडले. “लाज नाही वाटत? भल्या माणसाले छळून राहिला!”

सुशीलने मूठ उघडली नाही. पायलने ओंजळभर पिसं आणून गोपाळरावांच्या पायाशी टाकली.

“आबाजी, हे गारांनी कापले काय?”

गोपाळरावांनी पिसं पाहिली, ऑटोतली कात्री पाहिली. मग त्यांनी त्या माणसाचा दंड असा पकडला, की वन विभागाची गाडी येईपर्यंत सोडला नाही!

“आमच्या आधी तुम्ही ओळखलंत याला. शाबास!” अधिकारी अरुंधतीताई म्हणाल्या. पायलची साळुंकीही त्यांनी गाडीत घेतली. जमलेल्यांनी टाळ्या पिटल्या.

“वाघ आहेत आमचे पोट्टे!” गोपाळराव म्हणाले. “चला, आज आलुबोंडे माझ्याकडून!”

“मिठ्ठू, जेवला काय?” वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. गोपाळरावांच्या गॅलरीत पिंजरा होता आणि आतला पोपट बोलत होता.

“तो... तो तर घरचाच आहे,” गोपाळराव पुटपुटले. पायल खालची पिसं गोळा करत राहिली.

गोपाळराव जिना चढून गेले. परतले तेव्हा हातात पिंजरा होता आणि डोळे भरलेले होते.

“मॅडम, यालेही न्या.”

“शाबास, आबाजी!” पायल म्हणाली.