विरेशचा दोष

"खा म्हणते ना!" महानंदाबाईंनी मेथीचा तिसरा लाडू लेकाच्या ताटात आदळला, आणि विरेशच्या डोळ्यांत पाणी तरळलं... मातृप्रेमानं नव्हे, मेथीच्या कडूपणानं!

तीन वर्षं झाली. शेजारच्या डोहाळजेवणात आईनं भरल्या बायकांत मूल नसलेल्या सुनेला, धनश्रीला, "तू ओटी भरू नको" म्हणून मागं ओढलं, त्या संध्याकाळी बायकोचे सुजलेले डोळे पाहून सोनपेठच्या ह्या भोळ्या किराणा दुकानदाराचं काळीज गलबललं आणि तो बोलून गेला, "आई, दोष माझ्यात हाय! डॉक्टरनं सांगितलंय." वास्तविक त्याचा रिपोर्ट अगदी निर्मळ होता, तो त्यानं साखरेच्या पोत्यांमागं दडवला. त्या दिवसापासून धनश्रीला बसणारे टोमणे थांबले आणि विरेशच्या वाट्याला कच्चा लसूण, उडदाची खीर अन् मेथीचे लाडू आले. वजन वीस किलोंनी वाढलं... पण बायको हसताना दिसली, की त्या मूक त्यागाचं सार्थक वाटे!

आणि धनश्री? आपण निर्दोष ठरून नवऱ्याला कमीपणा नको, म्हणून तिनं स्वतःची एकही तपासणी केली नव्हती!

अखेर पाळीचा त्रास फारच वाढला, तेव्हा दोघं परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोनोग्राफीत गर्भाशयात काहीतरी दिसत होतं. बाईंनी विचारलं, "यजमानांचा रिपोर्ट?"

विरेशला घाम फुटला. "मॅडम... मी एकदम चांगला हाय. घरी खोटं बोललो."

"काय?" धनश्री ताडकन उठली. "अहो, मी तुमच्यासाठी गप बसले ना!"

"म्हणजे एकमेकांना जपता जपता तुम्ही तीन वर्षं घालवलीत!" डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "पाळी संपली की हिस्टेरोस्कोपी करू. पोटावर टाका नाही. खालच्या वाटेनं बारीक दुर्बीण गर्भाशयात जाते. गाठ असेल तर दिसते, आणि तिथंच काढताही येते."

आठ दिवस धनश्री नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही. ठरल्या दिवशी महानंदाबाईही सोबत आल्या. दुर्बिणीला वालाच्या दाण्याएवढी साधी गाठ सापडली. ती लगेच काढली. भुलीतून अर्धवट जागी होत धनश्री सासूकडे बघून साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आत्याबाई! ह्यांच्यात कायबी दोष न्हाई! तुमच्या तोंडाला भिऊन खोटं बोलले वो हे... माझ्यापायी!"

पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसली. महानंदाबाईंनी सुनेचा हात छातीशी धरला.

"दुर्बीण माझ्या तोंडात घालायला पायजे व्हती गं! सारा दोष तिथंच हाय... मला माफ कर, लेकी!"

"आई, तू रडू नको," विरेश हुंदके देत म्हणाला.

"तुमी पहिलं डोळे पुसा," धनश्री पुटपुटली. आठ दिवसांत नवऱ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द! विरेश आणखीच रडला.

डॉक्टरीणबाईंनी वाट मोकळी झाल्याचं सांगितलं होतं, खात्री मात्र दिली नव्हती. गाठ काढल्यानंतर पाचव्या महिन्यात धनश्रीनं दोघांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि चाचणीची पट्टी पुढं केली. महानंदाबाईंनी चष्मा लावून ती न्याहाळली.

"दोन रेघा? म्हंजे... जुळे का गं?"

धनश्रीला हसू आवरेना. हसता हसताच तिनं सासूच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि महानंदाबाईंचा हात तिच्या केसांवरून सावकाश मायेनं फिरू लागला.