डावीकडे वळण्याचा व्यायाम

दूध केंद्रातून बाहेर पडलं की बापू शिंगटे यांचं घर डाव्या हाताला, विजेच्या खांबापलीकडे होतं. बापू पिशवी सावरत उजवीकडे वळले, पिठाच्या गिरणीला वळसा घालून मागच्या गल्लीत शिरले आणि सावकाश आपल्याच घराशी उलट्या बाजूनं येऊन पोचले. त्र्यंबकराव पोतनीसांनी हे पाहिलं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. सत्तरीनंतर माणूस थोडा लांबून जातो, असा त्यांचा समज होता. मग तेही त्याच वाटेनं घरी गेले. त्यांचं घर दूध केंद्राच्या डाव्या भिंतीला लागूनच होतं.

साताऱ्याच्या या शिक्षक वसाहतीत ज्येष्ठ नागरिक संघ होता आणि त्र्यंबकराव त्याचे चिटणीस. पूर्वी वसाहतीत कुणी पडलं की खुब्याचं हाड मोडायचं आणि लोक त्या माणसाबद्दल भूतकाळात बोलायला लागायचे. त्यावर उपाय म्हणून आधी शहाणे बूट आले. तोल जाऊ लागला की ते जमीन घट्ट धरत. पण वसाहतीतली माणसं पडायची ती दारात, एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायातलं काढताना. नेमका बुटाचा संबंध संपे तिथेच. बूट परत गेले आणि तोलपट्टा आला.

तोलपट्टा कमरेला बांधायचा. आत गरगरणारा एक लहानसा भोवरा. फिरता भोवरा आडवा व्हायला सहसा राजी नसतो, पट्टाही नसे. माणूस चालत असताना तो मधूनच हलका धक्का द्यायचा, एस.टी.त शेजाऱ्याचा लागावा तेवढा. माणसानं आपलं आपण सावरायचं. नाहीच जमलं तर भोवरा जोर लावून सावरायचा. धक्का खायचा आणि सावरायचं, हाच व्यायाम. वसाहतीतले सगळे पट्टे एकमेकांशी जोडलेले होते. एकाच्या कमरेवर जे कळे ते बाकीच्यांना पोचे. त्यातून साऱ्या वसाहतीची मिळून एक सामायिक चाल तयार झाली होती. पट्टे आल्यापासून कुणाचंही हाड मोडलं नव्हतं. हे पट्टे वाटणाऱ्या तोल प्रकल्पाची माणसं खूश होती. ही चाल आता साऱ्या राज्यातल्या पट्ट्यांत घालायची असं चाललं होतं. संघानं सत्काराची शालसुद्धा आणून ठेवली होती, फक्त ती कुणी कुणाला घालायची हे ठरत नव्हतं.

अशा यशस्वी वसाहतीत त्र्यंबकरावांच्या पत्नीला, कालिंदीबाईंना, अर्धांगाचा झटका आला. जन्मभर गणित शिकवलेली बाई. जीभ वाचली, डावी बाजू लुळी पडली. उपचारांनी पाऊल उचलू लागलं, हात धरून उभं राहणं जमू लागलं. तोल प्रकल्पाची व्यायामोपचारतज्ज्ञ ऋतुजा बनसोडे रोज घरी येऊ लागली.

"काकू, आपण काय ठरवूया? मंदिरापर्यंत चालत जायचं?"

"मंदिर राहू दे गं. मला संडासाला एकटीनं जायचंय. आत जाऊन कडी लावायचीय. बास."

ऋतुजानं मान डोलावली. पलंगावरून उठायचं, डावीकडे वळायचं, चार पावलं टाकायची. तिनं कालिंदीबाईंना पट्टा बांधला. कालिंदीबाई उठल्या, डावीकडे वळू लागल्या आणि पट्ट्यानं त्यांना अलगद उजवीकडे, कपाटासमोर आणून उभं केलं. पुन्हा केलं. पुन्हा कपाट.

"याला सांग, कपाटात नाही जायचं मला."

"डावी बाजू कमजोर आहे म्हणून असेल," ऋतुजा म्हणाली. तिला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही. "काका, तुम्ही जरा वळून दाखवता? डावीकडे."

त्र्यंबकराव ऐटीत पुढे झाले, थांबले आणि उजवीकडून पाऊण गिरकी घेऊन डावीकडे तोंड करून उभे राहिले.

"असं नाही. सरळ डावीकडे."

"डावीकडेच तर आहे मी."

"अहो, तुम्ही सगळं घर फिरून आलात," कालिंदीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, वयानं करता. म्हणून बोलले नाही."

त्या संध्याकाळी ऋतुजा दत्तमंदिराच्या आवारात जाऊन बसली. मधोमध औदुंबर, त्याभोवती मुळांनी उचललेली फरशी आणि फरशीवरून प्रदक्षिणा घालणारी सगळी वसाहत. पुढे माई धुमाळ. माई संघातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. त्यांच्या पुढे कुणी चालत नसे. देव उजव्या हाताला ठेवून सगळे एकाच दिशेनं फिरत होते. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे.

"बापू, पहिलं वर्षभर तुम्ही पट्टा घरात घालत होता का?" तिनं कट्ट्यावर टेकलेल्या बापूंना विचारलं.

"घरात कशाला? झिजायचा की!" बापूंना प्रश्नच कळेना. "चांगली वस्तू बाहेर जाताना वापरायची. आमचं तर वरचं प्लास्टिकपण अजून आहे. दाखवू?"

सगळ्यांनी तेच केलं होतं. वर्षभर पट्टा फक्त देवळात जाताना निघायचा आणि आल्यावर पुसून खुंटीला लागायचा. दिवसभर बांधायला लोक लागले ते अलीकडे, तोवर पट्ट्यांचं शिक्षण पुरं झालं होतं. पट्ट्यांनी जगात पाहिलं होतं ते एक झाड आणि त्याला उजवी घालून फिरणारी माणसं. त्या रांगेत कुणी डावीकडे कललं तर ते मुळांत पाय अडकून पडताना. पट्ट्यांनी त्यावरून जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता.

"म्हणजे डावीकडे वळणं म्हणजे पडणं, असं त्याला वाटतं?" प्रदक्षिणा संपवून आलेल्या त्र्यंबकरावांनी विचारलं.

"हो."

"मग पुसून टाक त्याची अक्कल."

"पट्ट्याची पुसता येईल, काका, पण तुम्हाला पाहून तो पुन्हा तेच शिकेल. तुमचे पाय कसे पुसू? पट्टा काढून चालून बघा."

त्र्यंबकरावांनी पट्टा काढला, पाचसहा पावलं टाकली आणि डावीकडे वळायला गेले. डावा पाय ज्या जागी पडायला हवा तिथे पडलाच नाही. ऋतुजानं दंड धरला म्हणून बरं. तिनं सांगितलं ते सरळ होतं. माणसांनी डाव्या वळणानं चालायचं, भोवरे बंद ठेवायचे, पट्ट्यांनी नुसतं पाहायचं. पाय शिकतील तसे पट्टे शिकतील. आणि ते शिकतील तेव्हाच कालिंदीकाकूंना पलंगावरून डावीकडे जाऊ देतील. उशीर नको, कारण झटक्यानंतरचे हेच महिने शरीर शिकायला तयार असतं. पुढे ते हट्टी होतं.

औदुंबराभोवती उलटं फिरण्याचा विषय कुणी काढला नाही. पाण्याच्या टाकीभोवती फिरावं असं ठरलं. पहिल्या दिवशी सगळे टाकीपाशी जमले, निघाले आणि उजवी घालून परत आले. दुसऱ्या दिवशीही तेच. कारण पुढे माई होत्या आणि गोल वस्तू दिसली की माईंचे हात आपोआप जोडले जात. तिसऱ्या दिवशी कुणीतरी टाकीला हळदकुंकू वाहिलेलं आढळलं. त्यानंतर टाकीभोवती उलटं फिरणंही अशक्य झालं.

"चिटणीस, आता विहिरीकडे जाऊ नका," बापू म्हणाले. "तिचंही देऊळ होईल."

शेवटी त्र्यंबकरावांनी सभा बोलावली. कालिंदीबाई चाकाच्या खुर्चीत बसून आल्या. ऋतुजानं पुन्हा सगळं समजावलं. लोकांनी माईंकडे पाहिलं.

"उलटी प्रदक्षिणा माझ्या हातून व्हायची नाही," माई म्हणाल्या. "इतकी वर्षं त्यानं सांभाळलं. आता त्याला पाठ दाखवू?"

"माई, विज्ञान असं सांगतं की..." त्र्यंबकरावांनी सुरुवात केली.

"तुम्ही थांबा हो," कालिंदीबाई म्हणाल्या. "माई, मला संडासाला जायचंय. दिवसातून चारदा हे मला धरून नेतात आणि दाराबाहेर उभं राहून 'झालं का' म्हणून विचारतात. पन्नास वर्षांचा संसार आहे आमचा. तो या 'झालं का'नं संपायला नको."

 बापू खाली वाकून पट्ट्यावरचं प्लास्टिक सारखं करू लागले.

"त्याला काय सांगू मी?" माईंनी हळूच विचारलं.

"सांगा, कालिंदीला संडासाला जायचंय."

माई उठल्या आणि घरी गेल्या. अध्यक्षांनी चहा सांगितला. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, म्हणजे कायमचाच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकराव मंदिराच्या आवारात आले तेव्हा माई औदुंबरासमोर उभ्या होत्या. त्यांनी नमस्कार केला. ओठ बराच वेळ हलत होते. मग ऋतुजाला म्हणाल्या, "कर गं तो भोवरा बंद."

"माई, भोवरा बंद असला की तो धरणार नाही तुम्हाला."

"कळलं. कर."

माई डावीकडे वळल्या. पहिलं पाऊल पडलं, दुसरं कुठे टाकायचं ते पायाला कळेना. फरशीच्या उचललेल्या कडेला अंगठा लागला, त्या पुढे झुकल्या, एक हात हवेत गेला. बापूंच्या तोंडून देवाचं नाव निघालं. ऋतुजा धावली, पण तोवर माईंचा डावा पाय आपणहून बाहेर पडला होता आणि त्यानं सगळं अंग झेललं. माई थांबल्या. पदर सारखा केला.

"काय बघताय? या की मागून. एकटीलाच पाप लावणार का?"

सगळ्यांत आधी बापू निघाले. त्यांच्या पट्ट्यावरचं प्लास्टिक चरचर वाजत होतं.

त्यानंतर वसाहतीत बरीच ठेचाठेच झाली. गुडघे खरचटले, एकाचा चष्मा गेला, हाड मात्र कुणाचं मोडलं नाही. रोज सकाळी उलटी, संध्याकाळी सुलटी, असा देवाशी समझोता झाला. बापू दूध घेऊन सरळ घरी जाऊ लागले आणि घर इतकं जवळ असल्याचं पाहून थोडे नाराज झाले.

आणि एका दुपारी ऋतुजाच्या समोर कालिंदीबाई पलंगावरून उठल्या. पट्टा बांधलेला, भोवरा चालू. त्या डावीकडे वळल्या. पट्टा किंचित घुमला, जणू विचारात पडला आणि गप्प बसला. एक पाऊल, भिंतीला हात, दुसरं पाऊल. दार लागलं. कडी वाजली.

त्र्यंबकराव दाराबाहेर उभे होते. सवयीनं तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टानं त्यांनी ते मिटलं.

कालिंदीबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अवघड गणित सुटल्याचा भाव होता. त्र्यंबकरावांना काय झालं कोण जाणे, साऱ्या संसारात चारचौघांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. पुढे होऊन दोन्ही हातांनी बायकोला जवळ घेतलं.

दोन्ही पट्टे एकदम कर्कश वाजू लागले. भोवऱ्यांनी जोर लावला आणि दोघांना एकमेकांपासून दूर, ताठ, सुरक्षित उभं करायला सुरुवात केली.

ऋतुजानं पट्ट्यावरच्या पडद्यात पाहिलं. "पडताय, असं म्हणतोय तो," ती म्हणाली. "दोन माणसं एकमेकांवर अशी रेललेली त्यानं या वसाहतीत कधी पाहिलीच नाहीत." मग तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ही चाल पुढच्या महिन्यात सगळ्या राज्यात जाणार होती.

त्र्यंबकराव ओशाळून हात काढू लागले. कालिंदीबाईंनी उजव्या, धडधाकट हातानं त्यांची बाही पकडली.

"सोडू नका हो," त्या म्हणाल्या. "ऋतुजा, भोवरे बंद कर आणि सांग, हे किती दिवस केलं म्हणजे त्याला पटेल?"