लोटूची कोठडी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण माझ्या सख्ख्या मामाच्या पाठीवरचे वळ मी स्वतःच्या हाताने शेकलेत.

मामाचं नाव हेमराज. राहतो डिंडोलीत. सुरतजवळच्या एका जेलमध्ये शिपाई आहे. जेलचं नाव सांगत नाही.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारची.

मामाच्या बराकीत लोटू नावाचा कैदी होता. चाळिशीचा. नवागामचा लूम कामगार, मूळचा आमच्याच खानदेशातला. मारामारीची केस. आल्या आल्या त्याने गळफास घ्यायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून मामा रोज त्याच्याशी गजाआडून अहिराणीत बोलत बसायचा. बायकोला फोन लावून द्यायचा.

लोटू हळूहळू जेवायला लागला.

त्याच बराकीत छगन होता. खुनाच्या केसमधला. लोटूकडून पाय दाबून घ्यायचा. एक दिवस लोटूने नाही म्हटलं.

"आबा, तो माले मारी टाकी," लोटू मामाला म्हणाला.

"घाबरू नको. उद्या एका लग्नाला जाऊन येतो. आलो की साहेबांना सांगून तुझी बराक बदलतो."

मामा परत आला, तेव्हा लोटू नव्हता.

छगनने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. चेहरा ओळखू येईना, इतक्यांदा.

छगनला वेगळ्या कोठडीत टाकलं. एकट्याला. नेमकी तिथेच मामाची ड्युटी लागली.

लोटू गेल्याचा नववा दिवस. दुपारी बारा ते तीन सगळे कैदी आत बंद असतात. मामा बाहेर स्टुलावर बसला होता.

अचानक पंख्याची घरघर थांबली. कावळेही गप्प झाले.

मग...

धप्प!

भिंतीवर काहीतरी आपटलं. पुन्हा... धप्प!

मामा धावला.

कोठडीत छगन एकटाच. कोणीतरी मुठीत धरावेत, तसे त्याचे केस ताठ ओढलेले. आणि डोकं भिंतीवर आपटतंय... नाक फुटलेलं. दात फरशीवर. भिंतीवरून रक्ताचे ओघळ.

"बचाओ! इसका हाथ छुडाओ!"

तिथे कुणाचाच हात नव्हता.

मामा क्षणभर जागीच थांबला. "मरू दे याला, असं वाटलं गं," त्याने मला नंतर सांगितलं.

मग त्याने कुलूप उघडलं. छगनला कवटाळून खाली बसला. आता फटके मामाच्या पाठीवर पडायला लागले. शर्ट टराटरा फाटला.

"लोटू! बस कर भाऊ! मी शे ना आठे! आहे ना मी इथे!"

फटके थांबले.

मामाच्या अगदी कानाशी कोणीतरी धापा टाकत होतं...

रडत होतं.

छगन वाचला. एक डोळा गेला. मामानेच मारलं, असं त्याने लिहून दिलं. चौकशी लागली. साहेबांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि अर्ध्यावरच बंद केलं. चौकशी तिथेच मिटली. त्यात काय दिसलं, कोणी बोलत नाही.

छगनला दुसरीकडे हलवलं. मामा मात्र दुपारची ड्युटी अजून मागून घेतो. त्या रिकाम्या कोठडीसमोर बसून अहिराणीत बोलतो.

"कशाला मामा?" मी एकदा विचारलं.

"त्याची सुटका कुठे झालीये अजून?"

येत्या मार्चमध्ये मामा रिटायर होतोय.

त्यानंतर दुपारी तिथे कोण बसणार, हे त्याला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.